कानामागची हळद

आधीच सांगून ठेवतो, यातलं एक अक्षरही कुणाला पटणार नाही. जिच्या तोंडावर हे सगळं घडलं ती मृण्मयी, या घरची थोरली सून, इथेच भिंतीला टेकून सुपारी कातरत बसली आहे. तिला विचारलंत तर तीसुद्धा "भाऊआजोबांचं काहीतरीच" म्हणून हसेल. पण ऋतुजाच्या सासरहून उष्टी हळद यायला अजून तासभर तरी आहे, गाड्या म्हणे नाक्यावर अडकल्या आहेत, आणि नवरीमुलगी पाटावर बसून जांभया देते आहे. तेव्हा ऐका. मध्येच मी शिंकलो तर तिकडे लक्ष देऊ नका. सर्दी आहे.

गोष्ट बारा वर्षांपूर्वीची, सन दोन हजार एकेचाळीसच्या उन्हाळ्यातली. सांगलीच्या मृण्मयी सूर्यवंशीला तेव्हा सत्ताविसावं लागलं होतं आणि तिला जगात एकाच गोष्टीची किळस यायची. माणसाच्या तोंडाची.

जन्मापासून अशी नव्हती ती. लहानपणी साय आणि डाळीचं पीठ थापून अंगणभर भुतासारखी हिंडायची, असं तिची आईच सांगायची. वाट लावली ती नोकरीने. पुण्यात 'तोलकाटा' नावाची एक कंपनी होती, तिथे मृण्मयी तोंडाला लावायच्या क्रीमांची तुलना करायची. ही डबी अठराशेची, ती नव्वदची. झाकण उघडा, आत काय आहे ते बघा, दोन्ही याद्या शेजारी शेजारी मांडा आणि लोकांना सांगा. बहुतेक वेळा आत सारखंच असायचं, पाणी, ग्लिसरीन आणि मेण. फरक झाकणाचा.

आता तुम्ही म्हणाल, यादी तर डबीवर छापलेलीच असते. असते की. पण त्या यादीला एक खोड आहे. जे जास्त ते आधी लिहायचं, हा नियम एक टक्क्यापर्यंतच. एक टक्क्याच्या खाली कुणालाही कुठेही बसवायची मुभा. मग कंपनीवाले काय करतात, पिंपभर लगद्यात केशराची एक काडी बुडवतात आणि खालच्या गर्दीत तिला सगळ्यात पुढे आणून बसवतात. आणि 'सुगंध' हा एक शब्द लिहिला की त्याच्या पोटात चाळीस वस्तू लपवता येतात.

हे सगळं उघडं पाडलं चाटूने. खरं नाव लांबलचक होतं, पण दिसायला ते स्वयंपाकघरातल्या लाकडी चाटूसारखं, वीतभर, पुढे चपटं. म्हणून लोक चाटूच म्हणायला लागले. त्याच्या टोकातून हिरवा उजेड निघायचा. उजेड रेणूवर आपटून परत येताना जरासा बदलून येतो, आणि प्रत्येक रेणूची बदलायची तऱ्हा वेगळी, जशी प्रत्येकाची चाल वेगळी. शिवाय चिमूटभर माल आत ओढून तो रेणूंची वजनं करायचा. त्यातही मेख अशी की कार्बनचे अणू सगळे सारख्या वजनाचे नसतात, काही हलके, काही जड, आणि त्यांचं प्रमाण समुद्रात वाढलेल्या जिवात एक, जमिनीवरच्या झाडात दुसरं. त्यामुळे डबीतलं तेल ऑलिव्हचं की शार्क माशाच्या यकृताचं, हे चाटू दोन मिनिटांत सांगायचा. डबीवर काही का छापलेलं असेना.

पहिली दोन वर्षं मृण्मयीला मोठी गंमत वाटली. मग याद्या डोक्यात साठायला लागल्या. गालाची लाली म्हणजे निवडुंगावरच्या किड्यांच्या माद्या, वाळवून कुटलेल्या. ओठांचा मऊपणा म्हणजे मेंढीच्या लोकरीला चिकटलेला तिच्या अंगचा मेणचट ओशटपणा. नखांची चकाकी म्हणजे माशांची खवलं. तारुण्य म्हणजे कोंबड्यांचे पाय उकळून काढलेला चिकट रस. गोगलगायी जाळीवर फिरवून गोळा केलेला चिकटा. आणि सगळ्यात महाग डबीत काय, तर माणसाच्याच कातडीच्या पेशी टाकीत वाढवायच्या आणि त्या ज्या पाण्यात पोहल्या ते पाणी बायकांनी डोळ्यांखाली लावायचं.

तिचा साहेब म्हणायचा, "अगं, सगळं शुद्ध केलेलं असतं. शुद्ध झाल्यावर रेणू कुठून आला याला काही अर्थ उरत नाही." हे रसायनशास्त्राचं म्हणणं मृण्मयीला पटायचं. तिच्या पोटाला पटायचं नाही.

पुढे चाटू स्वस्त झाला आणि घरोघरी आला. बायका दुकानात डबी उघडून चाटू बुडवायच्या, यादी वाचून "शी!" म्हणायच्या आणि त्याच डब्या दोन घेऊन घरी जायच्या. लोकांची किळस पाच मिनिटं टिकते. मृण्मयीची मात्र टिकून राहिली. कुणी हसत समोर आलं की तिला त्याच्या गालावर कोंबडी दिसायची. आईने मायेने तोंडावरून हात फिरवला तरी ती मनात वाचायची: कांदा, फोडणीचं तेल, भांड्यांचा साबण, आणि आई चोरून लावते ते सुरकुत्यांचं क्रीम, म्हणजे मेंढी.

स्थळं यायला लागली तेव्हा तर कहरच झाला. ही चहा देता देता मुलाच्या गालाला चाटू लावायची. पहिल्याच्या गालावर गोगलगाय निघाली. दुसऱ्याच्या दाढीत मधमाशांचं मेण आणि नकली चंदन. तिसरा म्हणाला, "मी तोंडाला काही म्हणजे काहीच लावत नाही," आणि चाटूने सतरा ओळींची यादी काढली. मृण्मयीचा राग त्या सतरा ओळींवर नव्हता. 'काही म्हणजे काहीच'वर होता. बशी उचलून ती आत निघून गेली.

चौथा आमचा धैर्यशील. तासगावात बेदाण्याची शेड, दिवसभर उन्हात. पठ्ठ्या कामावरून तसाच आला होता, शर्टाला द्राक्षांचा चिकटपणा घेऊन.

"तोंडाला काय लावता?" मृण्मयीने विचारलं.

"पाणी."

"आणि?"

"आणि काय? तेलबिल आम्ही द्राक्षांना लावतो, वाळवायच्या आधी. मला कोण लावतंय!"

तिने चाटू लावला. पाच ओळी निघाल्या. मीठ, कातडीचं तेल, धूळ, द्राक्षाची साखर, कपडे धुण्याची वडी.

"कपड्याच्या वडीने तोंड धुता?"

"साबणच आहे की. मळ निघतो."

मृण्मयी हसली. कितीतरी महिन्यांनी एका माणसाच्या तोंडाकडे बघताना तिला कोंबडी दिसली नव्हती. ती म्हणाली, "माझी एकच अट आहे. तोंडावर जे असेल ते सांगायचं. विचारायच्या आधी सांगायचं. तुमचं घर, बाग, शेड मला काही बघायचं नाही."

"मंजूर," धैर्यशील म्हणाला.

एवढ्याशा शब्दावर लग्न ठरलं. हे ध्यानात ठेवा, कारण पुढे सगळं यावरच अडणार आहे.

लग्नाच्या आदल्या दिवशी सकाळी तासगावात नवरदेवाला हळद लागली. त्याच्या अंगची उरलेली हळद, म्हणजे उष्टी हळद, पितळेच्या वाटीत काढून वर खण झाकला आणि ती सांगलीला नवरीकडे निघाली. वाटी न्यायचा मान करवलीचा, म्हणजे या आपल्या ऋतुजाचा. पण ती तेव्हा चौदा वर्षांची आणि गाडीत बसली की ओकायची. म्हणून तिला बायकांबरोबर बसमध्ये घातलं आणि वाटी दिली संपतमामांच्या हातात. संपतमामा म्हणजे धैर्यशीलच्या आईचे थोरले भाऊ, वय सत्तरीचं, गालात तंबाखूची गोळी कायमची. गेले बिचारे मागच्या वर्षी. गाडी आपली आपण चालणारी, ड्रायव्हर नाही. मामा मागे, वाटी मांडीवर. मी पुढे होतो, मामांच्याच वयाचा, पण मी निघाल्या निघाल्या झोपलो ते थेट सांगलीत जागा झालो. हेही ध्यानात ठेवा.

सांगलीत नवरी पाटावर वाट बघत होती. वाटी समोर आली तशी तिने कमरेला खोचलेला चाटू काढला.

तिची वत्सलाआत्या खेकसली, "ठेव ते! हळदीला यंत्र लावतेस?"

"आत्या, दोनच मिनिटं."

"दोन नाही नि अर्धं नाही. नवऱ्याच्या अंगची हळद आहे ती. लावून घ्यायची असते, तपासायची नसते. आम्ही काय विचारलं होतं का, कशी आली, कुठून आली?"

"विचारायला हवं होतं."

"शैला, तुझ्या लेकीचं तोंड बंद कर गं आधी," आत्या मृण्मयीच्या आईला म्हणाली, आणि ते बंद व्हायच्या आत पाच सवाष्णींनी आंब्याच्या पानांनी हळद तिच्या कपाळाला, गालांना, हनुवटीला थापली. गाणी सुरू झाली.

तिसऱ्या ओळीला मृण्मयीला शिंक आली. मग दुसरी. मग लागोपाठ चार. डोळ्यांतून पाणी, नाकात झणझण.

"दृष्ट निघाली," आत्या म्हणाली.

मृण्मयीला मात्र वेगळंच वाटत होतं. हळद खरखरीत असते, हे तिला ठाऊक होतं. ही हळद कशी कोण जाणे, ओशट होती. तिला एक वास होता, बंद कपाटासारखा, जुन्या उशीसारखा. "शिंकरून येते" म्हणून ती उठली, न्हाणीघराची कडी लावली आणि गालाला चाटू टेकवला.

यादी वर सरकायला लागली. हळकुंडाची पूड. करडईचं तेल. विहिरीचं खारं पाणी. आंब्याच्या पानांचा रस. पाच बायकांच्या हातांचा घाम, पैकी एकीच्या हाताला लोणी. इथवर ठीक. तिचीही तयारी होती तेवढ्याची.

मग पुढच्या ओळी आल्या. पुरुषाच्या गालाची कातडी, भरपूर. रक्तदाबाच्या गोळीचा अंश. गुडघेदुखीचा बाम. कवळी चिकटवायची पूड. तंबाखू, अतिबारीक. नाकातला द्राव, थोडा.

आणि शेवटी वय. माणसाच्या डीएनएवर वर्षांबरोबर रासायनिक खुणा चढत जातात, कोवळ्या पेशीत कमी, जून पेशीत जास्त, आणि त्या मोजून चाटू वय काढायचा. त्याने लिहिलं होतं: एकाहत्तर, दोन वर्षं इकडेतिकडे. तिने होणाऱ्या नवऱ्याचं वय आधीच भरून ठेवलं होतं, म्हणून खाली आणखी एक ओळ: एकोणतीस वर्षांचा पुरुष आढळला नाही.

मृण्मयीने आरशात पाहिलं. तिच्या तोंडावर एक म्हातारा बसला होता. कपाळावर, पापण्यांवर, ओठांच्या कडांना. त्याच्या मेलेल्या कातडीचे कण, त्याच्या नाकातलं पाणी, त्याच्या दातांची पूड. तिने ओठ चाटले होते की काय, हे तिला आठवेना, आणि ते आठवेना म्हणूनच तिला भडाभडा उलटी झाली. मग तिने तोंड धुतलं. पाण्याने, मग शिकेकाईने, मग कोपऱ्यातल्या कपडे धुण्याच्या वडीने. गाल सोलून निघेपर्यंत. पिवळा रंग गेला नाही.

तिने धैर्यशीलला फोन लावला.

"धैर्यशील, तुझं वय किती?"

"एकोणतीस. का गं? पत्रिकेत आहे की."

"खरं सांग. रक्तदाबाची गोळी घेतोस?"

"मी?"

"गुडघ्याला बाम लावतोस?"

"बरी आहेस ना तू?"

"कवळी आहे तुला?"

मग तो हळूच म्हणाला, "मृण्मयी, भांग कुणी पाजली का तिकडे?"

"तुझ्या नावाने माझ्या तोंडाला दुसऱ्याच कुणाला तरी फासलंय. एक तर तू मला सांगितलंस त्यापेक्षा वेगळा माणूस आहेस, नाहीतर तुझ्या घरचे मला फसवतायत. आत्ताच्या आत्ता ये. तोंड घेऊन ये. धुऊ नकोस."

"अगं, हळद लागल्यावर नवरदेवाने घराबाहेर पडायचं नसतं."

"मग उद्याही पडू नकोस," म्हणून तिने फोन ठेवला.

बाहेर आई उभीच होती. मृण्मयी म्हणाली, "आई, उद्या लग्न होणार नाही बहुतेक."

"कशावरून?"

"यादीवरून."

आईने तिच्या सोललेल्या गालांकडे पाहिलं. तिला रडू आलं असतं, पण संताप आधी आला. "तुला माणूस नकोच आहे, बाई," ती म्हणाली. "तुला उकळून गार केलेलं पाणी हवंय. त्याच्याशी लाव लग्न. दोनशे पानांचा स्वयंपाक मी एकटीच बसून खाते."

तो आला. पाऊण तासात मोटरसायकलवर, सगळे रीतिरिवाज मोडून, हातात नवरदेवाचा अडकित्ता तेवढा तसाच. वाऱ्याने तोंडावरची हळद वाळून तडकली होती, भेगाळलेल्या तळ्यासारखी, आणि त्यात वाटेतली चिलटं चिकटली होती. बायका किंचाळल्या, आत्याने पदर तोंडावर घेतला. मृण्मयीने त्याला मागच्या दारी धुण्याच्या दगडावर बसवलं आणि गालाला चाटू टेकवला.

दोन मिनिटं. यादीत म्हातारा निघाला तर संपलं, हे दोघांनाही कळत होतं.

हळद. करडईचं तेल. घरच्या नळाचं पाणी. कपडे धुण्याची वडी. चिलटं, सात. पुरुष, वय एकोणतीस.

गोळी नाही, बाम नाही, तंबाखू नाही. मृण्मयीने श्वास सोडला. तेवढ्यात खाली आणखी चार ओळी आल्या. गोगलगायीचा चिकटा. मेंढीचं मेण. माशांची खवलं. सोन्याचा वर्ख, नगण्य.

"हे काय?"

"कुठलं?"

"गोगलगाय."

धैर्यशील अडकित्त्याकडे बघत बसला. "परवा झालं ते."

"काय झालं परवा?"

"फेशियल," तो म्हणाला, खून कबूल करावा तसा. "ऋतुजा धरून घेऊन गेली पार्लरात. म्हणाली, दादा, फोटोत वहिनीशेजारी भाजलेल्या वांग्यासारखा दिसशील."

काय गं ऋतुजा? असूदे, असूदे. "मी नाही, तोच म्हणाला होता चल" हे आता बोलून काय उपयोग? नवरीने पाटावरून भांडू नये.

तर मृण्मयी म्हणाली, "विचारायच्या आधी सांगायचं ठरलं होतं आपलं."

"सांगणारच होतो. पण घरी येऊन डबीचं नाव बघितलं आणि तुमच्या कंपनीचा तक्ता उघडला. सगळ्यात खालून दुसरा नंबर. तूच लिहिलं होतंस, 'हे बुटाला लावावं.' मग धीर झाला नाही. चार वेळा धुतलं वडीने."

मृण्मयीला त्या क्षणी त्याचा गालही बघवेना. गोगलगायीच्या चिकट्यावर हळद, हळदीत मेलेली चिलटं, आणि त्या सगळ्याच्या आत एक खोटं, एवढंसं. हाच का तो पाच ओळींचा माणूस? तिने तोंड फिरवलं.

"आणि ते म्हातारं तोंड?" तिने भिंतीकडे बघतच विचारलं.

"आईची शपथ, मला माहीत नाही. मी वाटीत दिली ती माझ्याच अंगची हळद होती." मग तोही चिडला. सरळ माणूस, पण चिडला. "माझ्या गोगलगायीचं एवढं झालं, आता तुझं बघू." आणि त्याने तिच्या हातातून चाटू काढून घेतला. त्याच्या मागच्या बाजूला एक बटण होतं, 'जिवंत' असं लिहिलेलं. क्रीममध्ये जंतू आहेत का ते बघायचं बटण. माणसाच्या तोंडाला कुणी ते लावत नाही. मृण्मयीने दहा हजार डब्यांना लावलं असेल, स्वतःच्या तोंडाला एकदाही नाही. याने ते दाबलं आणि तिच्या नाकाशेजारी टेकवलं.

म्हातारा पुन्हा निघाला, वडीने सोलूनही. पण त्याच्या खाली एक ओळ होती: चेहऱ्यावरचे किडे, जिवंत, आठ पायांचे, एका चौरस सेंटीमीटरला तीन.

"काय आहे हे?" धैर्यशीलने विचारलं.

मृण्मयीला माहीत होतं. पुस्तकात वाचलं होतं, आणि वाचून ते पान मिटून टाकलं होतं. "मोठ्या माणसांच्या सगळ्यांच्याच तोंडावर असतात," ती कशीबशी म्हणाली. "छिद्रांमध्ये राहतात. कातडीचं तेल खातात. अंधार झाला की वर येतात आणि... तिथेच संसार करतात."

"सगळ्यांच्या?"

"सगळ्यांच्या."

"माझ्याही?"

तिने चाटू त्याच्या गालाला लावला. एका चौरस सेंटीमीटरला चार.

"आणि गालाला गाल लागला तर?"

"इकडचे तिकडे जातात."

धैर्यशीलने थोडा विचार केला. "म्हणजे आपलं लग्न मोडलं तर यांनी काय करायचं?"

मृण्मयीला पुन्हा उलटीच येणार होती. ती यायला निघाली आणि वाटेत तिचं हसू झालं. दगडाला धरून ती हसली, नाकातून पाणी येईपर्यंत, आणि हसता हसता तिला जाणवलं की आयुष्यभर ज्याच्यापासून पळाली ते तर तिच्याच नाकाच्या शेंड्यावर संसार थाटून बसलं होतं. किळस गेली नाही हं. अजून गेलेली नाही, आज सकाळी माझ्या कपाची कडा तिने तीन वेळा विसळली. पण त्या दिवशी प्रश्न किळसेचा उरला नाही. हा माणूस पंचवीस किलोमीटर चिलटं खात आला होता, धुऊ नकोस म्हटल्यावर धुतलं नव्हतं, आणि विचारल्यावर एका वाक्यात कबूल झाला होता.

"पार्लरवालीने कानामागे लावलं होतं का काही?" तिने विचारलं.

"कानामागे कशाला लावेल?"

"हळद लागलीय तिथे?"

"आईने लावली. दोन्हीकडे."

मृण्मयीने चाटू उचलला, त्याच्याकडे पाहिलं, आणि तो धुण्याच्या दगडावर ठेवून दिला. मग बोटाने त्याच्या उजव्या कानामागची हळद खरवडली, ओली, गोळा झालेली, आणि आपल्या गालावर ओढली. तपासली नाही. आत्या दारातून बघत होती, ती म्हणाली, "हां! ही खरी उष्टी." दुसऱ्या दिवशी लग्न लागलं. वाटीतली हळद मागच्या पपईच्या बुंध्यात ओतली.

झाली गोष्ट. बघा, गाड्या आल्या का.

नाही? बरं, काय म्हणतेस ऋतुजा? म्हातारा कोण होता?

आता बारा वर्षं झाली, ते बिचारे गेले, सांगायला हरकत नाही. संपतमामाच. आणखी कोण असणार? तेव्हाही सगळ्यांचा संशय त्यांच्यावरच होता, तंबाखू निघाला म्हणून. शेवटपर्यंत देवाच्या शपथा घेत राहिले, "मी नाही, मी नाही" म्हणून. पण झालं ते असं. अर्ध्या वाटेवर, ते वडाचं वळण आहे ना, तिथे अशी शिंक आली, अशी शिंक आली की वाटी उडाली ती थेट गाडीच्या छपराला लागून खाली. हळद सगळी पायपुसण्यावर. आता आली का पंचाईत! रिकामी वाटी न्यायची कशी? गाडी थांबवली. ओटीच्या सामानाच्या पिशवीत हळदीची पुडी होती, तेलाची बाटली होती, पाणी शेजारच्या विहिरीचं. कालवली. पण ती झाली कोरी हळद. नवरीला उष्टी लागते, रीत मोडली तर संसाराला बरं नाही. मग काय, गाडीच्या आरशात बघून स्वतःच्याच तोंडाला छान फासली, दोन मिनिटं मुरू दिली आणि बोटांनी निपटून परत वाटीत भरली. झाली उष्टी! हेतू किती चांगला होता बघा. नवरदेव नाही तर नाही, घरातलं वडीलधारं माणूस तर आहे. वर खण झाकला आणि—

मृण्मयीचा अडकित्ता थांबला.

"आजोबा, तुम्ही तर झोपला होतात ना?"

"झोपलो होतो की. गाढ."

"मग शिंक कुणी ऐकली? आरशात कुणी बघितलं? दोन मिनिटं कुणी मोजली?"

"अगं, मामांनीच नंतर कधीतरी—"

"मामा शेवटपर्यंत शपथा घेत होते, आत्ताच म्हणालात. आणि मामा तंबाखू खायचे. खाणाऱ्याला शिंका येत नाहीत, आजोबा, नाकात ओढणाऱ्याला येतात. मला त्या दिवशी पाटावर सहा आल्या होत्या." तिने सुपारीचं तबक बाजूला सारलं आणि हात पुढे केला. "ती खिशातली डबी काढा बघू. बेदाण्याची म्हणून बाळगता ती. काढा! बारा वर्षं न हटणारी सर्दी कुठे असते होय? तपकीर आहे ती! गाडीत झोपले होते ते मामा, आणि वाटी होती तुमच्या हातात. माझ्या तोंडावर संपतमामा नव्हतेच. तुम्ही होतात!"